टोकाच्या घराचं कुलूप

दारं एकमेकांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. एका गल्लीतल्या दारांनी ठरवलं होतं, की दुपारी माणसं कामावर गेली की पाळीपाळीनं एका दारानं उघडं राहायचं आणि सगळ्या घरांवर लक्ष ठेवायचं.

टोकाच्या घराला नवं पितळी कुलूप आलं. शेजारच्या दारानं त्याला या राखणीचं सांगितलं, तसं ते फणकारलं, "मी असताना राखण कशाला? आमच्याकडे बघायचंसुद्धा नाही!"

"बरं बाबा, नाही बघत," शेजारचं दार म्हणालं. तेव्हापासून तिकडे कुणी पाहीना. दुपारभर गल्लीत दारांच्या गप्पा रंगत. कुलूप एकटंच उन्हात तापत लोंबकळत राही. आपणही काहीतरी बोलावं असं त्याला वाटे, पण ताठा आड येई.

एका दुपारी चोर आला. त्यानं कुलपाला हातही लावला नाही. पहार घालून कोयंडाच उखडला. कुलपाला ओरडायचं होतं, पण हाक मारायची कुणाला? त्यानं कधी कुणाचं नावच विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरधनीण परतली. घर रिकामं होतं. पायरीवरच्या धुळीत कुलूप पडलं होतं. त्याच्यावर ओरखडाही नव्हता. ते अजून घट्ट बंद होतं.