ओहोटीचा दरबार

"पत्र देईन तर सरदारांच्याच हाती! तोवर इथून हलणार नाही!" परदेशी जहाजाच्या कप्तानाने दुभाष्याकरवी निरोप धाडला आणि जपानच्या त्या लहानशा बंदरात खुशाल नांगर टाकला. पत्रात मागणी एकच होती, आमच्याशी व्यापार करा.

सरदार मोरियासूंची झोप उडाली. जपानचा कारभार चालवणाऱ्या शोगुनचा हुकूम सक्त होता. परक्याने जपानच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही आणि जपानी माणसाने परक्याच्या जहाजावर चढायचं नाही. बरं, होडीत भेटावं, तर होडीत बसताच सरदारांचं पोट ढवळायचं!

चिडून त्यांनी दवंडी पिटवली, "जहाज जाईपर्यंत एकही होडी समुद्रात जाणार नाही! जो शोगुनचा हुकूम न मोडता भेट घडवेल, त्याला मागेल ते देईन. हुकूम मोडला, तर मुंडकं उडवीन!"

राग जहाजावरचा, उपास मात्र कोळ्यांना! नऊ दिवसांत गावातल्या चुली थंडावल्या. दहाव्या दिवशी शिंपल्या वेचणारी म्हातारी ओसुए टोपली काखेत मारून थेट सरदारांपुढे उभी राहिली.

"सरकार, ओहोटीला पाणी हटलं की वाळूची पट्टी उघडी पडते ना, उद्या तिथं चालत या. कप्तानालाही तिथंच बोलवा."

"अगं, ती जमीन आहे! जीव जड झालाय का तुला?"

"जमीन? मग तुमच्या माणसांनी आजवर तिच्यावर सारा का वसूल केला नाही?"

सरदार चपापले. "बरं, समुद्र म्हण. मग मी तिथं उभा कसा राहणार?"

"मी चाळीस वर्षं उभी राहतेय की!"

"आणि शोगुनचा तपासनीस आला, जागा दाखवा म्हणाला, तर?"

"भरतीच्या वेळी आणा त्यांना. मी लांबून दाखवते, पुढं त्यांनी पोहत जावं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भेट झाली. कप्तानाने व्यापाराच्या फायद्यांवर वीस पानी भाषण आणलं होतं. सहाव्या पानाला त्याचे बूट भिजले, नवव्याला पाणी गुडघ्याला लागलं. सरदारांच्या हातात पत्र कोंबून, "उत्तर न्यायला पुढच्या वर्षी येतो!" असं ओरडत तो होडीकडे पळाला. दुपारी जहाज गेलं आणि कोळ्यांच्या होड्या सुटल्या.

"माग, काय हवं ते!" सरदार खुशीत म्हणाले.

"ती वाळूची पट्टी माझ्या नावावर करा, सरकार."

"दिली! पण आता एवढी जमीन तुझी झाली, म्हणजे सारा भरायचा हं!"

"जमीन?" ओसुएने डोळे मोठे केले. "मग सकाळी तो परका नेमका कुठं उभा होता, सरकार?"

सरदार पोट धरधरून हसले. "पट्टी तुझी! सारा माफ! आणि बाई, हा प्रश्न पुन्हा कुणाला विचारू नकोस!"