भुईचाफ्याचा वाफा

एकदा एका वृद्ध गुरुजींकडे एक तरुण शिष्य राहायला आला. तो कष्टाळू होता, प्रेमळही होता. पण रिकामे काही त्याला बघवत नसे. रिकामी घागर दिसली की भरायचा, इतरांचे बोलणे थांबले की स्वतः बोलायचा.

गुरुजींच्या कुंपणाशी जास्वंद होती, विहिरीजवळ मोगरा. दारालगतचा एक वाफा मात्र उघडाबोडका. पौषात गुरुजी लेकीकडे गेले, तेव्हा शिष्याने मनाशी ठरवले, ते परततील तेव्हा दार फुलांनी हसले पाहिजे. त्याने वाफा खणला. आल्यासारख्या गाठी निघाल्या. तणाची मुळे समजून त्याने त्या पाचोळ्याबरोबर जाळल्या आणि झेंडू लावला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गुरुजी आले. वाफा केशरी झाला होता. काठीवर दोन्ही हात ठेवून ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "छान फुललाय." दुसऱ्या दिवशी गुढीला त्याच झेंडूची माळ चढली.

झेंडूचे आयुष्य हंगामापुरते. वैशाखात झाडे वाळली, शिष्याने उपटून टाकली. तेव्हापासून गुरुजी रोज सकाळी त्या कोरड्या मातीवर तांब्याभर पाणी ओतू लागले.

शेजारचा व्यापारी कुंपणावरून म्हणाला, "गुरुजी, दगडालाही पाझर फुटतो म्हणतात. तुमच्या मातीला काय फुटणार?"

"बघू या," गुरुजी म्हणाले.

शिष्य कानकोंडा झाला. व्यापारी गेल्यावर म्हणाला, "तिथे बी नाही, रोप नाही. मीच सगळं साफ केलंय, गाठीसुद्धा जाळल्यात. उगाच वाकता, कंबर दुखते तुमची. मी पुन्हा काही लावू का? सदाफुली लावतो, ती बारा महिने..."

"थांब जरा," गुरुजी म्हणाले. "तिथे भुईचाफा होता. हिने, तुझ्या गुरुमाईने लावलेला. थंडीत त्याचं पानही दिसत नाही. उन्हाळा लागला की मातीतून नुसती फुलंच वर येतात. एखादी गाठ तुझ्या कुदळीतून सुटली असेल, एवढीच आशा."

शिष्याचा चेहरा उतरला. "मग मला रागावला का नाहीत?"

"कोणत्या तोंडाने रागावू? जाताना मी तुला सांगितलं नाही. आणि असं खणणं मी तुझ्याआधी केलंय. ही फार कमी बोलायची. मला वाटायचं, हिच्यापाशी बोलण्यासारखं काही नसावं. म्हणून मीच बोलत राहिलो. ती हसून ऐकायची. शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाली, 'तुम्हाला काही सांगायचं होतं.' मी 'काय' म्हणून विचारलं, आणि तिने तोंड उघडायच्या आत औषधाच्या वेळा सांगू लागलो. ते राहिलंच."

ज्येष्ठ सरला. वाफ्यात गवत उगवले, भुईचाफा नाही. पाणी घालायला आता शिष्यही सोबत येत असे. एका सकाळी त्याने हळूच विचारले, "माईंना काय सांगायचं असेल?"

गुरुजी मातीकडे पाहत राहिले. शिष्याच्या ओठांवर काहीतरी आले होते. ते त्याने गिळले, तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्याशेजारी गप्प बसून राहिला.