थांब, अजून खुलतेय

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हाचा राजा कोण होता हे सांगणाराही आता कुणी उरला नाही. गोष्ट मदिरेची आहे, पण पोराटोरांनीही खुशाल ऐकावी. नुसतं ऐकून कुणाला चढत नाही.

डोंगराच्या उतारावर द्राक्षमळ्यांचं एक गाव होतं. तिथे एक म्हातारा पारखी राहायचा. मदिरेचा घोट जिभेवर फिरवून ती कधी वाढायची, हे तो सांगे. व्यापारी लांबलांबून यायचे, सुरई त्याच्यापुढे ठेवायचे आणि तो म्हणेल तेव्हाच पेले भरायचे. या जिभेचा त्याला भारी अभिमान होता.

त्याची बायको जन्मभर दुसऱ्यांच्या मळ्यात राबली. तिने द्राक्षं खुडली, तुडवली, सुरया धुतल्या. मदिरा मात्र तिने कधी चाखली नव्हती. चांगली निघायची ती विकायला जायची, उरायची ती मालकाच्या पाहुण्यांना. तिनेही कधी मागितली नाही, आणि द्यावी असं कुणाला सुचलंही नाही.

एके वर्षी म्हातारीने अंथरूण धरलं. वैद्याने नाडी पाहिली, म्हाताऱ्याला अंगणात नेलं आणि हलकेच सांगितलं, "औषधाचं आता काही राहिलं नाही. मागेल ते खाऊ-पिऊ घाला. हाताशी फार वेळ नाही."

म्हातारा आत आला. त्याने विचारलं, "काय खावंसं वाटतंय तुला?"

"खायला नको," ती म्हणाली. "यंदाची मदिरा घोटभर द्या. जन्मभर तुमच्या तोंडून तिचं कौतुक ऐकलं. एकदा तुमच्या शेजारी बसून पिऊ द्या."

म्हातारा तडक बाजारात गेला. राजाच्या तळघरातली मदिरा त्याने चाखली होती, पण विकत घ्यायची ऐपत कुठली? यंदाची सगळ्यात स्वस्त जी लाल मदिरा होती, तीच त्याने घेतली. दुकानदाराला नवल वाटलं.

"आजोबा, तुम्ही आणि ही?"

"हिला कुणी वेळ देत नाही, म्हणून ही वाईट लागते," म्हातारा म्हणाला. "जरा वारा लागला, की कशी खुलते बघ."

दुपार कलली होती. त्याने सुरईचं बूच काढलं आणि एक घोट घेतला. मदिरा तुरट होती. तोंड आवळून आलं.

"द्या," म्हातारी म्हणाली.

"थांब. अजून मिटलेली आहे."

त्याने मदिरा एका पसरट वाडग्यात ओतली आणि वाडगा खिडकीत ठेवला. डोंगरावरून वारा येत होता. थोड्या वेळाने त्याने पुन्हा घोट घेतला. तुरटपणा जरा उतरला होता, पिकल्या जांभळाचा वास सुटला होता.

"झाली का हो?"

"होतेय. पण घशाशी अजून खरखरते."

"खरखरू दे. कशी लागायला हवी, ते मला काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे ना," म्हातारा म्हणाला.

शेजारीण पेज घेऊन आली होती. तिला राहवलं नाही. "काका, द्या की काकूंना घोटभर. कशाला तिष्ठत ठेवता?"

म्हातारा तिच्यावर खेकसला, "तू तुझी पेज बघ. यातलं तुला कळत नाही."

मला या म्हाताऱ्याचा राग येतो. तुम्हालाही येत असेल. पण त्याच्या मनात काय होतं, तेही ऐकून घ्या. शेजारीण चुलीकडे गेल्यावर तो बायकोच्या उशाशी बसला. "अगं, जन्मात तुला काही धड देता आलं नाही मला," तो म्हणाला. "लुगडी दिली ती स्वस्तातली, घर हे असं गळकं. एवढी एक गोष्ट तरी उत्तम देऊ दे."

म्हातारी म्हणाली, "बरं. थांबते." आणि कुशीवर वळून ती वाडग्याकडे बघत पडून राहिली.

उन्हं भिंतीवरून खाली उतरली. म्हातारा घोट घेत होता, मान हलवत होता. जांभळामागून लवंगेचा वास आला. लवंगेमागून गोडवा आला. आणखी थोडा वारा, तो स्वतःशीच म्हणत होता, आणखी थोडाच. आणि मग ती स्वस्तातली मदिरा अशी काही खुलली, की राजाच्या तळघरातही त्याने तसली चाखली नव्हती.

त्याने लगबगीने पेला भरला. "घे, आता घे. आत्ता झाली बघ."

म्हातारी वाडग्याकडेच बघत होती. त्याने तिची मान उचलली, पेला ओठांशी नेला. मदिरा तिच्या तोंडात गेलीच नाही. ओठांच्या कडेने ओघळून उशीवर उतरली. त्याने पुन्हा पेला लावला, पुन्हा तेच झालं. शेवटी शेजारीण आली आणि तिने म्हातारीचे डोळे मिटले.

तेव्हा कुठे म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं. तुरट घोट त्याने घेतला होता. जांभळाचा, लवंगेचा, गोड, सगळे घोट त्यानेच घेतले होते. जिच्यासाठी मदिरा आणली, तिच्या जिभेला थेंबही लागला नव्हता. त्याच्या तोंडाला मात्र अजून वास येत होता.

त्यानंतर त्याला चव कळेनाशी झाली. आंबट, गोड, तुरट सगळं एकसारखंच लागे. व्यापारी एक-दोनदा आले आणि मग यायचे थांबले. लोक म्हणत, वयाने जीभ गेली. म्हाताऱ्याने कुणाला खरं कारण सांगितलं नाही. तो जगला पुष्कळ, पण एकटाच जगला.

तात्पर्य : आपल्या माणसाला जे द्यायचं, ते आहे तसं आजच द्यावं, उत्तम होईपर्यंत थांबणाऱ्याजवळ देणं उरतं, घेणारं माणूस उरत नाही.