दोर कशाला हवा?

एका गावात एक दोरवाली होती. खरं तर दोराचं दुकान तिचं नव्हतंच. ते होतं एका मालकाचं; ती तिथं नुसती विकायला बसायची. पण मालक आत गादीवर आणि ती पुढं ओट्यावर, म्हणून गावाच्या लेखी दोरवाली तीच.

दुकानात नाना तऱ्हेचे दोर होते. गुरांचं दावं, बैलांचा कासरा, पाळण्याची मऊ दोरी, लग्नाच्या मांडवाला गुंडाळायचा पिवळा-तांबडा चकचकीत दोर. आणि सगळ्यांत मागं, भिंतीच्या खुंटीला, घायपाताचा एक जाड, ओबडधोबड दोर टांगलेला असायचा. तो माणसाला विहिरीत सोडायला.

जुन्या मालकानं तिला कामावर ठेवलं, तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. "गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, दोर कशाला हवा? उत्तर मिळाल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही." पुढं जुना मालक वारला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. दोरवालीनं मात्र विचारायचं सोडलं नाही.

गावाला या प्रश्नाचं भारी हसू यायचं. "कशाला हवा, म्हणे! अगं बाई, बांधायला! दोर काय कालवण करून खायला नेतात?" असं म्हणून लोक एकमेकांना टाळ्या द्यायचे. दोरांच्या ढिगात बसून जिला दोर कशाला लागतो हे ठाऊक नाही, ती केवढी मठ्ठ असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. एकदा ठरवलं म्हटल्यावर मग काय, तिच्याशी बोलताना लोकांचे आवाज चढू लागले. एकेक शब्द सुटा करून, बोटानं दाखवून सांगू लागले. "तो पिवळा. पि-व-ळा. कळलं का?"

दोघी बायका दुकानात आल्या की तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायच्या, जशी काही तीही खुंटीलाच टांगलेली आहे. एकदा देवळापुढं जत्रेच्या तयारीची बोलणी चालली होती. तिनंही काही सांगायला तोंड उघडलं. "तू दोर मोज, बाई," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ती काय सांगणार होती, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. कुणी विचारलंही नाही.

या सगळ्यांत पुढं होता गावचा कारभारी. चार बुकं शिकलेला, बोलण्यात तरबेज. घरी पाहुणे आले की तो त्यांना मुद्दाम दुकानावर घेऊन यायचा. "चला, गंमत दाखवतो." मग ओट्यापाशी उभा राहून म्हणायचा, "दोर दे गं." ती विचारायची, "कशाला हवा, कारभारी?" आणि पाहुणे पोट धरून हसायचे. त्याला काही घ्यायचं नाही हे तिला दिसत असायचं. तरी ती दर वेळी विचारायची. न जाणो, एखाद्या वेळी खरंच हवा असला तर?

एकच माणूस तिला सरळ उत्तर द्यायचा. तो म्हणजे गाळकाढ्या. उन्हाळ्यात विहिरींचं पाणी तळाला गेलं की कमरेला दोर बांधून तो खाली उतरायचा आणि गाळ उपसायचा. तो दुकानात आला की ओट्यावर टेकायचा आणि सगळं नीट सांगायचा. "अक्का, लेकीला झोका बांधायचाय. पोर बारकी आहे, पण झोक्यावर उभी राहून उड्या मारते." मग दोरवाली दोन-चार दोर हातात घेऊन बघायची, पीळ उलगडून बघायची आणि म्हणायची, "हा घे."

"तू दिलास म्हणजे झालं," असं म्हणून गाळकाढ्या दोर खांद्यावर टाकायचा. तेवढ्या बोलण्यावर तिचे पुढचे बरेच दिवस बरे जायचे.

त्या गावात एक रीत होती. विहीर उपसायची असली की नवा दोर विहिरीच्या मालकानं आणायचा, आणि तोही घरच्या कर्त्या माणसानं स्वतः जाऊन. दोराला हळदकुंकू लावायचं, त्याच दोरानं गाळकाढ्याला खाली सोडायचं, आणि काम झालं की तो दोर गाळकाढ्यानं घरी न्यायचा. कारभाऱ्याच्या घरी हे काम त्याचे वडील करत. ते गेल्या दिवाळीत वारले. म्हणून यंदा ते पहिल्यांदाच कारभाऱ्याच्या वाट्याला आलं.

वैशाखातल्या एका दुपारी तो दुकानावर आला. बरोबर दोन पाहुणे होते आणि वाटेत त्यांना सगळं सांगून झालेलं दिसत होतं, कारण ते आधीपासूनच गालातल्या गालात हसत होते.

"तीस हात दोर दे गं," कारभारी म्हणाला आणि भुवया उंचावून वाट बघत उभा राहिला.

प्रश्न दोरवालीच्या ओठांवर आला. पण त्याच सकाळी दुकानासमोर मुलांनी एक खेळ मांडला होता. खेळाचं नाव 'दोरवाली'. ज्याच्यावर राज्य येईल त्यानं जीभ बाहेर काढून बसायचं आणि येईल त्याला विचारायचं, "दोर कशाला हवा?" मुलं ती. त्यांना हा खेळ कुणी शिकवला नव्हता. त्यांनी तो नुसता बघून उचलला होता. दोरवाली सकाळभर तो खेळ बघत बसली होती.

आता तिनं समोरच्या तीन चेहऱ्यांकडं पाहिलं. तिघंही हसायला टपलेले होते. आणि तिनं आणखीही पाहिलं. कारभाऱ्याचे वडील वारून वर्ष उलटलेलं नव्हतं, म्हणजे घरात लग्नकार्य नाही आणि मांडवही नाही. वैशाख चाललेला. तीस हात दोर. हा दोर विहिरीचा, हे तिला कळलं. विहिरीत कोण उतरणार, हेही कळलं.

"आज नाही हसू द्यायचं," ती मनाशी म्हणाली आणि तिनं ओठ मिटून घेतले.

कारभारी क्षणभर थांबला. मग त्यानं मांडवाच्या दोराकडं बोट केलं. "तो दे. देखणा आहे, पूजेत शोभून दिसेल."

तिनं तो उतरवला, मोजला आणि दिला.

"काय गं, आज विचारत नाहीस?" कारभाऱ्याचा जरा विरस झाला होता.

"मला काय कळतं, कारभारी?" दोरवाली म्हणाली.

पाहुणे हिरमुसले होऊन निघाले. त्यांची पाठ वळली तेव्हा दोरवालीला, खरं सांगायचं तर, आतून गार वाटलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा जिंकली होती. मग थोड्या वेळानं तिची नजर खुंटीवरच्या घायपाताच्या दोराकडं गेली. तिनं उठून पायांत चपला घातल्या. पण कारभाऱ्याच्या अंगणात, त्या पाहुण्यांसमोर उभं राहून, "दोर कशाला हवा होता?" असं विचारायचं तिच्या मनात आलं आणि पाय तिथंच थांबले. तिनं चपला काढल्या आणि ती पुन्हा ओट्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर सगळे जमले. दोराला हळदकुंकू लागलं. गाळकाढ्यानं दोर हातात घेतला, अंगठ्यानं घासून बघितला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "कारभारी, हा मांडवाचा वाटतो."

"अरे, दोरवालीनंच मोजून दिलाय," कारभारी म्हणाला.

गाळकाढ्याची आठी गेली. "अक्कानं दिलाय होय? मग विचारूनच दिला असेल." त्यानं दोर कमरेला बांधला आणि तो काठावरून खाली उतरला.

निम्म्यावर गेला आणि दोर तुटला. खाली पाणी घोट्याएवढं, बाकी सगळे दगड. जीव वाचला. दोन्ही पाय गेले ते कायमचे.

काही दिवसांनी देवळापुढच्या पारावर गाव जमलं. गाळकाढ्याला बाजेवर घालून आणलं होतं. त्याची बायको पायथ्याशी बसली होती आणि लेक तिला बिलगली होती. पंचांनी दोरवालीला समोर बोलावलं. ती आली तसं गाळकाढ्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"अक्का," तो म्हणाला, "या खेपेला विचारलं नाहीस?"

त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. पण राग नव्हता. त्याला नुसतं नवल वाटत होतं.

ती काही बोलणार, तोच कारभारी उठला. "पंच मंडळी, माझं ऐका. त्या बिचारीवर राग धरण्यात काय अर्थ आहे? तिला काय कळतं? मी दोर मागितला, तिनं दिला. अशा माणसाला कुणी शिक्षा करतं का? मी म्हणतो, मोठ्या मनानं सोडून द्या तिला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. "खरंय, खरंय. खुळी ती." दुकानाच्या मालकानं सुटकेचा श्वास सोडला. सगळ्या गावाला आपल्या दयाळूपणाचं मोठं समाधान वाटलं. दोरवालीला आता काहीच करायचं नव्हतं. खाली मान घालून उभं राहायचं, बस्स. ओटाही राहणार होता आणि भाकरीही.

तिनं मान वर केली.

"मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?" पंचांनी विचारलं.

"दोर विहिरीसाठी नेताहेत, ते कळलं होतं. तो दोर माणूस पेलणार नाही, तेही ठाऊक होतं. तरी मी दिला."

"मग बोलली का नाहीस?"

"हे हसले असते म्हणून."

पारावर एकच गलका उठला. आत्ता ज्यांना तिची दया आली होती, तेच तिच्या अंगावर धावून आले. गंमत अशी, की इतक्या वर्षांत या बाईला काही कळत असेल यावर ज्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, त्यांनी तो आता एका दमात ठेवला. सगळ्यांत मोठा आवाज कारभाऱ्याचा होता. हाच दोर त्यानं बोट करून का मागितला, हे त्याला कुणी विचारलं नाही.

"चुकलेल्या माणसाला कामावर ठेवता येतं," दुकानाचा मालक म्हणाला. "पण जाणूनबुजून गप्प बसलेल्याला मी कसं ठेवू? उद्यापासून येऊ नकोस." आणि त्याचं म्हणणं चूक होतं, असं मलाही म्हणता येत नाही.

बाज उचलली, तेव्हा गाळकाढ्या तिला एवढंच म्हणाला, "मला वाटलंच होतं. तुला कळलं नसेल, असं होणारच नाही."

ते ऐकून दोरवाली रडली. गाळकाढ्याच्या बायकोनं तोंड फिरवलं.

पावसाळ्याच्या आधी गाळकाढ्याचं बिऱ्हाड गाव सोडून निघालं. बायकोच्या माहेरी अंबाडी पिकत होती आणि त्याचे हात धड होते; बसल्या बसल्या अंबाडीच्या सालीचे दोर तरी वळता आले असते. गाडी जुंपली तेव्हा दोरवाली गाठोडं घेऊन उभी होती.

"दोर वळायला एकटा माणूस पुरत नाही," ती म्हणाली. "दुसरं टोक मी धरीन."

गाळकाढ्यानं बायकोकडं पाहिलं. ती कितीतरी वेळ बैलांच्या शिंगांकडं बघत राहिली. मग तिनं गाडीतलं भांड्यांचं पोतं जरा सरकवून जागा केली. वाटेत मात्र ती दोरवालीशी एक शब्द बोलली नाही आणि पुढंही फार दिवस बोलली नाही.

इकडं दुकानाच्या ओट्यावर नवी पोरगी बसू लागली. ती काहीच विचारत नसे. मागेल ते, मागेल तेवढं पटकन काढून द्यायची. लोक खूश झाले. "ही चुणचुणीत आहे हो!" म्हणू लागले.

पुढच्या वर्षी कारभाऱ्याला नातू झाला. बारशासाठी पाळण्याचा दोर आणायला तो स्वतः गेला.

"दोर दे गं," तो म्हणाला आणि सवयीनं थांबला. पोरीनं दोर काढून हातात ठेवला.

"तुला काही विचारायचं नाही का?" कारभारी म्हणाला.

"दोर घेताना काय विचारायचं?" ती हसली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

घरी बायका जमल्या होत्या. पाळणा सजला होता. कारभाऱ्यानं दोर आढ्याच्या कडीतून ओवला, गाठ मारली आणि ओढून बघितला. मग गाठ सोडली, पुन्हा मारली, पुन्हा ओढून बघितला. अंगठ्यानं दोर घासून बघितला. घासून काय बघायचं असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. आणि जिला विचारावं ती गावात उरली नव्हती.

बायका पाळणा म्हणायच्या थांबल्या. सून बाळाला घेऊन पुढं आली.

"मामंजी, ठेवू ना बाळाला?"

कारभारी दोन्ही हातांनी दोर धरून तसाच उभा राहिला. त्याला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना.

तात्पर्य, ज्याला काढावंसं वाटेल त्याच्यासाठी: समोर उभं राहून आपलं काम करणाऱ्याला रोज वेड्यात काढलं, तर एक दिवस तो आपल्याला काही विचारायचं सोडून देतो, आणि त्या दिवशी दोराच्या टोकाला कोण असेल, हे आपल्या हातात नसतं.