राजाच्या यंत्राची तहान

खोकत, शिंकत, पागोटी सावरत अख्खा दरबार अंगणात पळाला! राजा गजबाहूच्या नव्या यंत्राचा हा प्रताप. पवनचक्कीच्या विजेनं पाणी फोडायचं, त्यातला हायड्रोजन धरायचा आणि राज्यातल्या होड्या बिनधुराच्या पळवायच्या, असा झकास बेत होता. पण यंत्रात ओतलं समुद्राचं पाणी! नाका-डोळ्यांना झोंबणारा क्लोरीन भसाभसा बाहेर आला.

“खारं चालायचं नाही,” दिवाणजी डोळे पुसत म्हणाले. “कोळीवाड्याची विहीर ताब्यात घेऊ.”

मासळीची पाटी घेऊन गडावर आलेल्या चांगुणेनं पाटी दाणकन खाली ठेवली. सगळ्या कोळीवाड्याला गोड्या पाण्याची तेवढी एकच विहीर!

“मग सरकार, आम्ही काय हायड्रोजन प्यायचा?”

राजाच्या मिशा थरथरल्या. “फार बोलतेस! तीन दिवसांत घागरभर पाणी आण. खारं नको, कुणाच्या पिण्यातलं नको आणि रोज शंभर घागरी मिळायला हवं. नाहीतर विहीर माझी!”

“आणते की!”

बोलून तर बसली. पण असं पाणी आणायचं कुठून, याचाच विचार करत ती गड उतरू लागली. मागच्या वाटेवर तिचा पाय पचकन गटारात गेला. ती चरफडली आणि थबकली. गटाराला गुलाबाचा वास? तिनं पुन्हा हुंगलं, वर गडाकडे बघितलं आणि एकटीच खो खो हसत सुटली.

तिसऱ्या दिवशी चांगुणेनं यंत्रात घागर रिकामी केली. पवनचक्की गरगरली, पाणी बुडबुडलं आणि यंत्राला बांधलेला फुगा टुम्म फुगून छताला भिडला! कुणी शिंकलंसुद्धा नाही.

“आणलंस कुठून?” राजा आसनावरून उठलाच.

“आपल्या न्हाणीघरातून, सरकार! रोज दरबाराआधी गुलाबपाकळ्या टाकून एकशे एक घागरींनी न्हायची आपली रीत. ते गटारातलं पाणी वाळू-कोळशातून गाळलं, उन्हात काचेखाली तापवलं, वाफेचे थेंब धरले.”

“लबाडी!” दिवाणजी ओरडले. “हे तर गडावरच्या तलावाचं, आमच्या पिण्याचं!”

“न्हाण्याआधी, दिवाणजी! न्हाल्यावरचं पेलाभर पिऊन दाखवा, मी हरले!”

दिवाणजींनी तोंड गच्च मिटलं. राजा पोट धरून हसला, पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

“म्हणजे माझ्या आंघोळीवर होड्या चालणार! विहीर कायमची तुमची, चांगुणाबाई. आणि आजपासून राज्याचं पाणीखातं तुमच्याकडे. पहिला हुकूम?”

“सरकार, आंघोळीला दांडी मारायची नाही!”