भागीचं आळं

तांबळसड्यावर भादव्यात माणसं येतात ती फुलं बघायला. गाड्या खाली लावायच्या, चढण चढायची आणि वर आल्यावर गुडघे टेकून फोटो काढायचे, असा त्यांचा शिरस्ता. गावातले जाणते, दादू गुरव, त्यांच्याबरोबर चालतात. फुलांवर पाय पडला तर ते रागावत नाहीत, फक्त त्या माणसाकडे बघत उभे राहतात आणि तेवढं पुरतं.

चालता चालता ते सड्याचा, म्हणजे या कातळपठाराचा, हिशेब समजावतात. जिथे नुसता कातळ आहे, तिथे शेवाळ. जिथे बोटभर माती साठली आहे, तिथे सीतेची आसवं, निळी आणि इवलीशी. वीतभर माती असेल तिथे तेरडा नि सोनकी. कातळाला चीर असेल तिथे करवंदीची जाळी. आणि फणस, किंजळ, ऐन ही मोठी मंडळी सगळी खाली दरीत, कारण त्यांना खोल माती लागते. झाड कुणाच्या शब्दाखातर उगवत नाही, असं दादू म्हणतात.

मग ते सड्याच्या मध्यावर नेतात. तिथे दगडांचं एक गोल कडं आहे, कमरेइतकं उंच. आत काळसर, मऊ माती आहे, जी या सड्याची नव्हेच, आणि त्या मातीत अंजनीचं एकच झुडूप उभं आहे. याला भागीचं आळं म्हणतात. ही माती नदीकाठाहून एका बापाने डोक्यावरून आणली, असं सांगतात.

त्या बापाचं नाव धाकबा. सड्याच्या पायथ्याशी, नदीकाठच्या नांदिवखोलात त्याची केळी-पोफळीची बाग होती. मातीतलं त्याला इतकं कळायचं की चिमूट जिभेवर ठेवून तो सांगायचा, इथे सुपारी धरेल की नाही. केळीचा एक कंद लावायचा तरी आधी हातभर खणून बघितल्याशिवाय तो लावायचा नाही. लोक चेष्टा करायचे, म्हणायचे, धाकबा उद्या स्वर्गात गेला तरी आधी तिथली जमीन खणून बघेल.

त्याला एकच लेक, भागी. तिला सड्यावरच्या रावजीचं स्थळ आलं आणि धाकबा घर बघायला वर गेला तो नेमका भादव्यात. सडा तेव्हा नटलेला होता. डबक्या-डबक्यात पाणी, पावलागणिक हिरवं, सगळीकडे निळीजांभळी फुलं. माणसं गोड बोलली. मुलगाही कष्टाळू दिसला. एवढं हिरवं आहे म्हणजे जमीन कसदारच असणार, असं धाकबाला वाटलं, आणि शब्द देऊन तो खाली उतरला. केळीसाठी खणून बघणारा माणूस लेक देताना वरवर बघून आला.

लग्न नांदिवखोलात, मुलीच्या दारात लागलं. त्या काळी इकडे रीत होती की सासरी जाताना लेकीने माहेरच्या झाडाचं रोप न्यायचं. रोप जगलं तर लेक नांदली, मेलं तर तिचा पाय त्या घरात ठरत नाही, असं मानत. भागीने दारच्या फणसाचं रोप नेलं. फाल्गुन सरायच्या आत ते वाळलं. धाकबाने दुसरं पाठवलं. ते पावसाळ्यात कातळावर साचलेल्या पाण्यात कुजलं. सड्यावरच्या बायका कुजबुजू लागल्या. भागीच्या सासूने तिला तोंडावर कधी टोचलं नाही, पण घरात रोपाचा विषय निघेनासा झाला आणि तेच भागीला जास्त लागलं.

दिवाळीला माहेरी आली तेव्हा ती बापाला म्हणाली, "आबा, थंय माती नाय. वीतभर खणलं का कातळ लागतो."

धाकबा म्हणाला, "माती नाय तर माती आणू. तू नको घोर लावून घेऊ, बाय."

आणि म्हणे त्याने खरंच आणली. स्वतःच्या बागेतली गाळाची माती तो टोपलीत भरायचा, चुंबळीवर टोपली ठेवून चढण चढायचा, वर रिकामी करायचा आणि परत उतरायचा. सगळा हिवाळा त्याचा हाच धंदा. लोकांनी वेड्यात काढलं, तरी तो थांबला नाही. पावसात माती वाहून जाऊ नये म्हणून त्याने भोवती दगडांचं कडं रचलं आणि त्यात तिसरं रोप लावलं.

चैत्रात तो बघायला गेला. सडा तव्यासारखा तापला होता, गवत पिवळं पडून उडून गेलं होतं, पण आळ्यातला फणस टवटवीत होता. धाकबाने मातीत बोट खुपसलं. माती ओली होती. त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. भागीला तेव्हा दिवस गेलेले होते, पोट दिसू लागलं होतं. ती वाळली होती, पण पोरीबाळी अशा दिवसांत वाळतातच, असं त्याने मनाला सांगितलं.

त्याच्या बागेत पाटाचं पाणी. फावड्याने बांध फोडला की झाडांना पाणी. ओली माती बघून, हे पाणी कुठून आलं, असा प्रश्न अशा माणसाला पडत नाही. आणि विचारायची एक वेळ होती, तीही गेली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी बापाने प्यायचं नाही, असा नेम. धाकबा नेमाचा पक्का. घसा कोरडा पडला तरी त्याने त्या घरात कधी पाणी मागितलं नाही. लेक पाणी आणते कुठून, हे त्याला कळलं नाही ते यामुळे.

सड्यावर उन्हाळ्यात थेंब नसतो. पाणी दरीतल्या झऱ्यावर, आणि वाट अशी की शेळीनेही पाय जपून टाकावा. भागी एक हंडा डोक्यावर आणायची तो घरचा, आणि एक मातीची कळशी कमरेवर आणायची ती फणसाची. रावजी गुरं घेऊन रानात असायचा. आणि असता तरी पाणी भरणं हे बाईचं काम, तिथे पुरुषाने हात लावायचा नाही, असंच सगळ्या गावाचं मत होतं. सासू म्हणाली होती, "कळशी सोड गो, पोटुशी हायस." भागी म्हणाली, "आबानं माती व्हायली. मी पानी नको व्हऊ?"

वैशाखात एका दुपारी ती वाटेत पडली. कळशी खाली दगडावर फुटली. भागी गेली आणि पोटातलं मूलही गेलं.

धाकबा वर पोचला तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. सगळं आटोपून माणसं परतली. धाकबा ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. उन्हातून चढून आला होता, रडून झालं होतं, जीभ टाळूला चिकटली होती. आता नेम तरी कुणासाठी पाळायचा? त्या घरात तो पहिल्यांदाच म्हणाला, "विहीणबाय, वाईच पानी द्या."

म्हातारी उंबऱ्यातच बसून राहिली. म्हणाली, "घरात पानी नाय, व्याही. आणनारी गेली."

मग धाकबा उठला. हंडा घेतला, वाट विचारली आणि उतरला. फुटलेल्या कळशीची खापरं त्याला वाटेत दिसली. त्या वाटेने भरला हंडा घेऊन वर येताना प्रत्येक चढावाला तो बसला, असं सांगतात. आयुष्यभर चढण चढलेला, सगळा हिवाळा माती वाहिलेला माणूस. वर आल्यावर त्याने आधी म्हातारीला पाणी दिलं. मग रावजीला. मग स्वतः प्यायला. आळ्याकडे तो फिरकला नाही.

दिवसकार्यापर्यंत तो तिथेच राहिला. तोवर फणसाची पानं गळाली होती. शेवटच्या दिवशी त्याने रोप उपटलं. मूळ हातभर खाली गेलं होतं, कातळावर अडलं होतं आणि मग कड्याच्या आतून गोल गोल फिरत राहिलं होतं. ते हातात धरून तो जमलेल्या गावाला म्हणाला, "झाडाची चूक नाय. तुमच्या सड्याचीबी नाय. मी खणून बघाया हवं होतं, मी नाय बघितलं. पोरीला घरी न्यायची सोडून मी माती आणीत बसलो."

रावजी उठला, हंडा उचलला आणि झऱ्याकडे गेला. पुरुषाने पाणी भरलेलं त्या गावाने पाहिलं ते पहिल्यांदा.

पुढे पाखरांनी कुठूनशी अंजनीची बी टाकली आणि आळ्यात ती आपसूक रुजली. अंजनी कातळाचीच लेक, तिला कुणी पाणी घातलं नाही. उन्हाच्या तोंडावर ती अंगभर निळी होते. तिचं फूल गावात कुणी तोडत नाही.

आजही तांबळसड्यावर भादव्यात सोयरिकीचं बोलणं होत नाही. मुलीच्या बापाला वैशाखात बोलावतात, भर दुपारी. आता गावात नळ आला आहे, पण त्या दिवशी पाणी झऱ्याचंच. होणारा नवरा हंडा घेऊन खाली उतरतो, मुलीचा बाप त्याच्या मागोमाग मोकळ्या हातांनी जातो नि येतो. वर आल्यावर बापाला ओटीवर बसवून पाण्याचा तांब्या देतात. दुसऱ्या कुठल्याही गावात बाप ज्या घरचं पाणी प्यायला कचरतो, त्या घरचं पाणी इथे तो मुलगी देण्याआधी पितो. पाणी पिऊन झालं की मुलाची आई एवढंच विचारते, "देताव काय?"

बहुतेक बाप हो म्हणतात. काही जण तांब्या खाली ठेवतात, हात जोडतात आणि उतरणीला लागतात. त्यांना आजवर कुणी थांबवलेलं नाही.