आधी अर्धं दाखवा

ओढ्याच्या काठी एक जंगल होतं आणि तिथल्या बाभळीच्या ढोलीत एक खार राहायची. धांदल म्हणजे काय, ते हिच्याकडून शिकावं! सकाळी शिंदीच्या झाडावर चढून पानांच्या लांब लांब पट्ट्या सोलायच्या, दुपारी उंबराखालच्या बाजारात त्या देऊन फळं घ्यायची, आणि मुखियाच्या निवडीचे दिवस आले की झाडोझाड पळत कोल्ह्याच्या नावाची दवंडी पिटायची. बाजार म्हणायचा आपला. सगळ्यांकडे तीच उंबरं आणि तीच जांभळं, मग देणार कुणाला आणि घेणार काय? खारीच्या पट्ट्या तर पोपट नुसत्या खेळायला न्यायचे.

मुखिया निवडण्याची रीत मोठी सोपी होती. पावसाळा सरला की सगळ्यांनी उंबराखाली जमायचं आणि जो हवा त्याच्याजवळ जाऊन बसायचं. ज्याच्याजवळ गर्दी जास्त, तो मुखिया. ज्यानं एक पावसाळा या जंगलात काढला, त्याला बसायचा हक्क. गेली चार वर्षं सगळे कोल्ह्याजवळ बसत होते. का, असं विचारलं तर कुणाला सांगता आलं नसतं. मागच्या वर्षी तिथं बसलो म्हणून याही वर्षी तिथंच. कोल्हा दरवर्षी सांगायचा, ओढ्याच्या काठाला दगडी बांध घालतो. आणि दरवर्षी काठ थोडा थोडा ढासळायचा. आता तर खारीच्या बाभळीची मुळं उघडी पडून पाण्यावर लोंबत होती. आणखी एखादा मोठा पूर आला की झाड जाणार आणि झाडाबरोबर घरही जाणार, हे तिला दिसत होतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी डोंगरापलीकडच्या माळावरून एक पारवा बातमी घेऊन आला. तिकडचं तळं आटलं होतं आणि सुगरणी इकडे राहायला येत होत्या. सुगरणी! खारीला वाटलं, चला, आता रोज मेजवानी. बिचारी दोन दिवस पोट रिकामं ठेवून बसली. तिसऱ्या दिवशी आले ते चिमणीएवढे पक्षी, नरांची डोकी हळदीसारखी पिवळी, आणि कुणाच्या चोचीत पळी नाही की पातेलं नाही. या सुगरणी स्वयंपाक करत नव्हत्या, घरटी विणत होत्या. त्यातही विणायचं काम नरांचं; बायका फांदीवर बसून बघायच्या. सगळ्यांना हवी होती काटेरी झाडं, तीही पाण्यावर झुकलेली. म्हणजे खारीचीच बाभूळ की हो!

मग काय विचारता! खारीच्या पट्ट्यांवर झुंबड उडाली. पिवळे नर स्वतःही पट्ट्या सोलायचे, पण घरटं विणायचं की शिंदीकडे खेपा घालायच्या? पट्ट्यांच्या बदल्यात ते डोंगरापलीकडच्या शेतांमधून बाजरीचे आणि राळ्याचे दाणे आणू लागले. जंगलानं दाणा कधी चाखलाच नव्हता. होले वेडे झाले, उंदीर वेडे झाले, उंबराखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. कुरबुरीही झाल्या. दिवसभर चिवचिवाट चालायचा, पोपटांची झोप उडाली. ज्या बाभळीकडे काट्यांमुळे खारीशिवाय कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिची एकेक फांदी आता भांडून मिळवावी लागायची. तक्रार करणाऱ्यांचं सगळंच काही खोटं नव्हतं.

खारीचंही पहिल्याच आठवड्यात बिनसलं. एक सुगरण मादी आली, तिनं पट्टी चोचीत धरून तीनदा ओढली आणि "कच्ची आहे" म्हणून परत टाकली. त्या जंगलात आजवर कुणी कुणाची वस्तू अशी ओढून पाहिली नव्हती. खारीला ते अंगावर थुंकल्यासारखं वाटलं. ती अर्धा दिवस गाल फुगवून बसली. शेवटी ती मादीच समजूत काढायला आली.

"राग मानू नकोस, बाई. आमच्यात नर घरटं अर्धंच विणतो आणि थांबतो. मग आम्ही येतो, आत बसतो, ओढून बघतो. पसंत पडलं तर त्यानं पुढचं अर्धं विणायचं. नाही पडलं तर आम्ही दुसरीकडे."

खारीनं मान वर करून पाहिलं. खरंच की, फांद्यांवर कितीतरी अर्धी घरटी तशीच लोंबत होती. एका नराचं तर तिसरं घरटं नापास झालं होतं आणि तो निमूटपणे चौथ्याची पहिली गाठ मारत होता. तिला हसू आलं आणि त्याची कीवही आली. दुसऱ्या दिवसापासून ती हिरव्या, लांब, चिवट पट्ट्या निवडून आणू लागली आणि तिची एकही पट्टी परत आली नाही. हळूहळू ही ओढून बघायची खोड सगळ्या बाजाराला लागली. पोपट चव बघितल्याशिवाय जांभूळ घेईनात, उंदीर दाणा दातानं फोडून बघू लागले. सडकं फळ खपवणाऱ्यांची पंचाईत झाली.

पावसाळा आला. पिल्लं झाली, घरटी गजबजली आणि ओढ्यानं काठ हातभर आणखी खाल्ला. बाभूळ कलली. पाऊस ओसरला तसे निवडीचे वारे वाहू लागले. जुने रहिवासी जितके, जवळपास तितकेच माळावरून आलेले, आणि सगळ्यांनी पावसाळा इथंच काढलेला. असा चुरशीचा हंगाम जंगलानं पाहिला नव्हता! जो तो जाईल तिथं हाच विषय काढायचा.

कोल्ह्यानं खारीला बाजूला घेतलं. झाड का कललं, माहीत आहे का, असं विचारून त्यानंच उत्तर दिलं. या पाखरांच्या घरट्यांच्या भारानं. आपण निवडून आलो की दुसऱ्याच दिवशी त्यांना हाकलून देऊ, हे त्यानं मिशीवर पंजा ठेवून सांगितलं. खारीला ते अर्धंमुर्धं पटलंही. पण तिथून दोघं निघाले ते थेट बाभळीखाली आले, आणि तिथं हाच कोल्हा सुगरणींना सांगू लागला की हा सगळा काठ तुमचाच, मी असेपर्यंत तुमच्या काडीलाही कुणी हात लावणार नाही. खार शेजारीच उभी होती. त्या दिवशी तिची दवंडी काही धड निघाली नाही.

निवडीच्या सकाळी उंबराखाली मुंगीला शिरायला जागा नव्हती. कोल्हा दगडावर चढला आणि म्हणाला की यंदा बांध घालतो, असातसा नाही, हत्तीच्या पाठीएवढा उंच. नेहमीसारखा जयजयकार झाला. तेवढ्यात ती सुगरण मादी त्याच्यासमोरच्या मुळीवर येऊन बसली.

"त्यातला अर्धा कुठं आहे?" तिनं विचारलं.

"ताई, आधी निवड होऊ दे, मग बांध," कोल्हा हसत म्हणाला.

"आमच्यात उलटं असतं. आधी अर्धं दाखवायचं, मग आम्ही येतो."

एवढं बोलून ती उडाली आणि तिच्यामागून सगळा थवा उडाला. कोल्ह्याला वाटलं, पाखरं रुसून जंगल सोडून चालली. तो मनातून खूशच झाला. पण थवा गेला ओढ्याच्या वळणावर. तिथं एक रानडुक्कर नाकाडानं दगड ढकलत होतं. चिखलानं माखलेलं म्हणून त्याला कुणी सभेला बोलावत नसे आणि नीट बोलता येत नाही म्हणून तेही जात नसे. काठ ढासळतोय हे त्याला दिसलं आणि पाऊस ओसरल्यापासून ते एकेक दगड लावत आलं होतं, बस्स. दगडांची ती ठेंगणी रांग बाभळीच्या दिशेनं अर्ध्या वाटेवर आली होती. माद्यांनी चोचींनी दगड ओढून पाहिले. एकही हलला नाही. मग साऱ्या त्या रांगेवर ओळीनं बसल्या.

खार तर कोल्ह्याची दवंडीवाली, चार वर्षांचा मान तिचा. उठली तर तो गेला. पण तिच्या बाभळीखालची माती कुणी धरून ठेवायला निघालं होतं, तर ते हे चिखलानं माखलेलं जनावर. ती उठली. सगळ्यांच्या देखत कोल्ह्यासमोरून पळत गेली आणि डुकराच्या पायाशी बसली. तिच्यामागून होले गेले. उंदीर गेले. पोपट आधी दगडांना चोच मारून आले आणि मगच बसले. बघता बघता उंबराखाली कोल्हा एकटा उरला.

डुक्कर गोंधळून गेलं. "मला बोलता येत नाही," ते म्हणालं. "बसलाच आहात, तर एकेक दगड सरकवा."

आणि सगळ्यांनी सरकवले! पंधरा दिवसांत रांग बाभळीपर्यंत पोहोचली. जाता जाता परतीचा पाऊस कोसळला आणि ओढा फुगून आला. खार ढोलीत नखं रोवून बसली. झाड हादरलं, कण्हलं आणि उभं राहिलं. पाणी उतरल्यावर ती खाली आली, बांधाच्या दगडाला अंग टेकून बसली आणि आनंदानं रडली.

पुढच्या वर्षी निवडीच्या आधी महिनाभर पलीकडच्या काठावर चिखल उडताना दिसला. बघतात तर काय, कोल्हा तोंडानं दगड ओढत होता, दात दुखेपर्यंत. अर्धा बांध झाल्यावर त्यानं सुगरणीला निरोप धाडला की एकदा बघून तरी जा. ती गेली, टोकापासून टोकापर्यंत एकेक दगड ओढून पाहिला आणि म्हणाली, "हा हलतोय."

कोल्ह्यानं तो दगड पुन्हा नीट बसवला.

तात्पर्य इतकंच, मुलांनो : बाहेरून येणारे नुसतं पोट घेऊन येत नाहीत, आपल्या सवयीही घेऊन येतात. त्यातली चांगली सवय जे गाव उचलतं, त्या गावाचा बाजार फुलतो आणि कारभारही सुधारतो.